भाजी घातली की तांदळाची भाकरी का फुटते? गव्हाशिवायच्या घरातली दर मोसमाची कटकट

अडचण नेमकी अशी. नुसत्या तांदळाच्या पिठाची भाकरी छान होते, टम्म फुगते. त्याच पिठात तवसं (मोठी पावसाळी काकडी) किसून घातलं, टाकळा चिरून घातला किंवा दोडकं घातलं की थापतानाच कडा फाटतात. परातीतून तव्यावर नेताना मधोमध दोन तुकडे होतात. नशिबाने तव्यावर पोचलीच, तर उलटताना अर्धी उलथन्यावर आणि अर्धी तव्यावर. पीठ वाढवलं की कोरडी, घशाखाली उतरत नाही. पाणी वाढवलं की हात सोडत नाही. एका भाजीचं गणित जमेस्तोवर तिचा मोसम संपतो आणि दुसरी भाजी येऊन पहिल्यापासून सगळं सुरू होतं.

आमच्याकडे हे हौसेचं काम नाही. लेकीला सातव्या वर्षी सीलिअ‍ॅक हा गहू-जवातलं ग्लुटेन आतड्याला बाधणारा आजार असल्याचं कळलं, तेव्हापासून घरात गहू, रवा, मैदा, जव काहीच नाही. आम्ही गुहागरच्या बाजूला राहतो, तांदूळ-नाचणीचा मुलूख, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं तेवढं जड गेलं नाही. सासूबाई तर म्हणाल्या, आमच्या लहानपणी पोळी सणालाच दिसायची, मग अडलंय कुठे? पण लेक भाजी वेगळी खात नाही. डब्यात भाजी पाठवली की तशीच परत. पिठात दडवली तर खाते. म्हणून भाजी पिठात जायलाच हवी, आणि शाळेच्या दप्तरात चार तास राहून ती भाकरी अख्खी राहायला हवी.

पहिली तीन वर्षं मी चुकीच्या दिशेने गेले. इसबगोल घातलं. धरतं, खोटं नाही बोलणार, पण भाकरीला एक बुळबुळीतपणा येतो आणि दोन चमच्यांच्या वर गेलं तर पोरीचं पोट बोलायला लागतं. मक्याचं पीठ घातलं, चव गेली. अंडं घातलं, ते संकष्टीला चालेना. पीठ धरून ठेवणाऱ्या झँथन गमची पुडी मागवली, ती अजून फडताळात आहे. ज्यांना उपयोग होतो त्यांनी जरूर वापरावी. मला आपली तांदळाची भाकरी तांदळाचीच हवी होती.

मग एका श्रावणात कारण सापडलं, तेही चुकून. तवसं किसून, मीठ लावून ठेवलं आणि दारावर मासेवाली आली म्हणून बाहेर गेले. भाव करून परत येईपर्यंत ताटलीत किस एका बाजूला गोळा होऊन बसला होता आणि दुसऱ्या बाजूला हिरवट पाण्याचं तळं झालं होतं. मोजलं. अर्ध्या किलोच्या किसाला वाटीभराहून थोडं जास्तच पाणी. हे सगळं पाणी मी इतके दिवस पिठाच्या पोटात ढकलत होते, आणि वर भाकरी का फुटते म्हणून पिठाला शिव्या घालत होते.

आता यातली खरी गोम. गव्हाच्या कणकेत ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंतून जाळं तयार करतात. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. हे जाळं ताणलं जातं, फाटत नाही, म्हणून मेथीच्या पराठ्यात भाजीने थोडं पाणी सोडलं तरी पराठा तगतो. तांदळाच्या पिठात असं जाळं नाही. कितीही मळा, होणार नाही. तिथे धरून ठेवतो तो स्टार्च, आणि तोही आपोआप नाही. त्याचे दाणे साधारण ६५ ते ७५ अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतात, मऊ चिकट होतात, आणि तोच आपला डिंक. गार पाण्यात ते नुसते ओले होतात, वाळू ओली व्हावी तसे.

म्हणून तर उकड. आपल्या आज्यांनी हे शास्त्र म्हणून सांगितलं नाही, पण मोदकाला उकळत्या पाण्यात पीठ टाकायचं ते याचसाठी. मीही भाकरीला उकड काढतच होते. सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या, "बायो, उकड काढून झाल्यावर तू भाजी घालतेस. मग भाजीचं पाणी गारच जातंय की." एवढंच होतं. उकडीचं काम झालेल्या पिठात भाजीने नंतर जे गार पाणी सोडलं, त्याने गोळा सैल झाला. तो सावरायला मी वरून कोरडं पीठ घातलं. ते पीठ कच्चंच राहिलं. तव्यावर वरचा थर वाळला, आत भाजीची वाफ झाली, तिला बाहेर पडायला जागा हवी होती, आणि ज्या जागी कच्चं पीठ होतं तिथे भाकरी फुटली.

उपाय कारणातूनच निघतो. भाजीचं पाणी आधी बाहेर काढायचं, आणि तेच पाणी उकळून पिठाला द्यायचं. फेकायचं नाही. चव त्यातच असते.

माझं माप सांगते, वाटी दीडशे मिलीची. दोन वाट्या तांदळाच्या पिठाला दीड वाटी किसलेलं तवसं. किसाला अर्धा चमचा मीठ, दहा मिनिटं. पंचाच्या फडक्यात घालून पिळायचं, पण जीव खाऊन नाही. मूठ सैल सोडल्यावर किस भुसभुशीत दिसला की पुरे. पाणी वाटीत मोजायचं. साध्या पाण्याने भर घालून एकूण पावणेदोन वाट्या करायचं. नुसत्या भाकरीला दोन वाट्या पिठाला दोन वाट्या पाणी लागतं, इथे पाव वाटी कमी, कारण पिळलेल्या किसातही पाणी आहेच. त्यात एक चमचा तेल. मीठ पुन्हा घालायचं नाही, इथे सगळे चुकतात, मीसुद्धा चुकले. उकळी फुटली की पीठ एकदम ओतून उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं, गॅस बंद, झाकण, सात-आठ मिनिटं विसरून जायचं. मग परातीत काढून हाताला पाणी लावत गरम गरमच मळायचं. चटके बसतात, बसू देत. गोळा गुळगुळीत झाला की शेवटी किस, हिरवी मिरची, असेल तर मूठभर ओलं खोबरं.

यानंतर वेळ काढायचा नाही. किसाला मीठ लागलेलंच आहे, अर्ध्या तासाने तो पुन्हा पाणी सोडतो. एका वेळी चार भाकऱ्यांपुरतंच मळा. गोळा कसा झालाय हे बघायला एक छोटी गोळी तळहातावर दाबा. कडेला चिरा पडल्या तर गरम पाण्याचा हात लावून अजून मळा. गोळी तळहाताला चिकटून राहिली तर पाणी जास्त झालंय. अशा वेळी कोरडं पीठ घालू नका, मूठभर पोहे मिक्सरमधून काढून त्यांची पूड घाला. पोहे आधीच शिजून, चेपून, वाळलेले असतात, म्हणून पाणी लगेच ओढून घेतात आणि कच्ची चव येत नाही. शिळा भात असेल तर तोही कुस्करून चालतो, आमच्याकडे रोज उरतोच.

थापायची केळीच्या पानावर किंवा ओल्या फडक्यावर, म्हणजे उचलताना हात लागत नाही. तव्यावर पान वर राहील अशी टाकायची आणि पान अलगद सोडवायचं. आणि एक अपेक्षा आधीच सोडून द्या: ही भाकरी फुगणार नाही. फुगायला वाफ कोंडून ठेवणारा अखंड पापुद्रा लागतो, आणि भाजीच्या प्रत्येक कणाने त्याला भोक पाडलेलं असतं. फुगली नाही म्हणजे बिघडली असं नाही. मी दोन वर्षं उगीच हळहळत होते.

तांदळाचंही थोडं सांगायला हवं, कारण वैशाखात जमलेलं माप मार्गशीर्षात का बिघडतं याचं निम्मं उत्तर तिथे आहे. दिवाळीच्या आसपास भात झोडून आलेला नवा तांदूळ चिकट असतो आणि पाणी कमी पितो. तोच पुढच्या पावसापर्यंत जुना होतो आणि पाणी जास्त मागतो. म्हणजे नव्या तांदळाच्या पिठाला वरच्या मापातून दोन-तीन चमचे पाणी कमी, जुन्याला तेवढंच जास्त. सिंधुदुर्गाकडे उकड्या तांदळाचं पीठ काही जणी वापरतात. त्यातला स्टार्च आधीच शिजलेला असतो, त्यामुळे त्याचा हिशेब वेगळा. मी ते भाकरीला वापरत नाही. पीठ मात्र बारीक हवं. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळले की पीठ मऊ येतं. पावसात वाळणार कुठे? म्हणून मी मे महिन्यात पापड-कुरडयांच्या बेगमीतच पाच-सहा किलो तांदूळ धुऊन वाळवून डब्यात भरून ठेवते.

आता एकेका भाजीचं, कारण सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

तवसं, दोडकं, दुधी, कोवळं पडवळ: वर सांगितलं तेच. दोडक्याच्या काढलेल्या शिरा फेकू नका, त्यांची चटणी होते, हे सांगायची गरज नाही म्हणा.

पालेभाज्यांचं दुखणं वेगळं. टाकळा, लाल माठ, शेगलाचा (शेवग्याचा) पाला यांच्यात पानातल्यापेक्षा पानावरचं पाणीच जास्त त्रास देतं. पावसात बाजारातून आणलेली जुडी भिजलेलीच असते, वर आपण ती धुतो. मीठ लावून पिळलं तर पान काळं पडतं आणि टाकळा कडवट लागतो. त्याऐवजी बारीक चिरून चमचाभर तेलावर दोन मिनिटं परतायचा, पाणी आटलं की उतरवायचा. टाकळा जून झाला असेल तर सोडूनच द्या. आषाढात पहिली पानं फुटतात ती घ्या. आणि देठ. देठाचा एक लांब तंतू भाकरीत राहिला की भाकरी त्याच रेषेवर फाटते, कागद दुमडून फाडावा तशी. शेगलाच्या पाल्यात तर बारीक काड्या राहतातच, त्या निवडायला मी लेकीलाच बसवते. गोकुळाष्टमीला आमच्या माहेरी, मालवणकडे, शेगलाची भाजी आंबोळ्यांबरोबर करतात. उरलेला पाला दुसऱ्या दिवशी भाकरीत.

फोडशी, भारंगी, कुर्डू या रानभाज्या मी पिठात घालत नाही. भारंगी उकळून पाणी टाकावं लागतं, नाहीतर कडू. फोडशीच्या मधल्या दांड्या काढाव्या लागतात. एवढं करून ती पिठात दडवणं म्हणजे तिचा अपमान. भाजीच करा, वर कांदा आणि भिजवलेली डाळ घालून. शेवळंही नाही. ती काकडं (एक आंबट रानफळ) किंवा चिंच घालून नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो, आणि भाकरीत ती नीट शिजणार नाहीत.

कंटोळी (आमच्याकडे फागलं) पिठात चांगली जातात. पाणी फारसं सोडत नाहीत. बिया जून असतील तर काढा.

कंद आले की बाजी उलटते. सुरण, अळकुड्या, रताळी, करांदे, कणगर हे स्वतःच स्टार्चचे गोळे. उकडून कुस्करले की तेच पीठ धरून ठेवतात. इथे अडचण फुटण्याची नाही, चिकटण्याची. म्हणून कंद घातला तर उकडीचं पाणी चांगलं कमी करायचं, दोन वाट्या पिठाला वाटीभर उकडलेला कंद असेल तर सव्वा वाटी पाणी पुरतं. सुरणाला उकडताना चार आमसुलं टाकायची, खाज जाते. आणि खरी गंमत अशी की पाणीदार भाजीची भाकरी अगदीच जमत नसेल तर तिच्यात अर्धी वाटी उकडलेलं रताळं घाला. इसबगोलापेक्षा हजारपटीने चांगलं. पोरं तर खुश.

लाल भोपळ्याचे घारगे करताना तळताना तेलात फुटतात, अशी तक्रार मला दर गणपतीत कोणी ना कोणी करतं. गूळ पाणी सोडतो आणि भोपळाही सोडतो. किस गुळात शिजवून पाणी आटू द्या, मिश्रण उकळत असतानाच तांदळाचं पीठ घाला, झाकून ठेवा. परत उकडच. गार मिश्रणात पीठ मळणारीचा घारगा फुटणारच.

घावनाबद्दल थोडक्यात. घावन फाटतं ते बहुतेक वेळा भाजीमुळे नाही, तवा पुरेसा तापलेला नसल्यामुळे किंवा पीठ तळाला बसल्यामुळे. प्रत्येक घावन घालण्याआधी पळी तळापासून फिरवा. पीठ पातळ, ताकासारखं. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवा, वांग्याच्या देठाने तेल फिरवा, कडेकडून मध्ये पीठ ओता, झाकण. भाजी घालायची असेल तर किस पिळून पिठात, आणि पिळलेलं पाणीही पिठातच, तेवढं साधं पाणी कमी. नवा तवा असेल तर पहिली चार घावनं गाईला.

इथपर्यंत भाकरी फुटण्याची अडचण संपते. पण दुसरी एक अडचण हिच्या आडून येते आणि ती जास्त वाईट. सगळं घरचं, तांदळाचं, भाजीचं, तरी पोरीचं पोट फुगतं, तोंड येतं, दोन दिवस चिडचिड. आमच्याकडे हे दर भाद्रपदात व्हायचं. आम्ही नव्या भाज्यांवर संशय घेत होतो. बिचाऱ्या भाज्यांचा काही दोष नव्हता.

चोर तीन निघाले. पहिला हिंग. बाजारातला बांधानी हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कुळथाच्या पिठीला, वालाच्या उसळीला, भाजीच्या फोडणीला मी रोज चिमूटभर घालत होते. तांदळाच्या पिठात किंवा नुसत्या डिंकात बांधलेला हिंगही मिळतो, शोधून आणायचा, किंवा सरळ लसूण घालायचा. हिंगावरून आठवलं, विकतच्या उडदाच्या पापडातही तोच हिंग असू शकतो.

दुसरी गिरण. आमच्या वाडीतल्या गिरणीत आदल्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की तिथेच माझे तांदूळ. जात्याच्या दगडात आणि पिठाच्या कापडी नळीत मूठ-दोन मूठ गव्हाचं पीठ राहतंच. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ग्लुटेनमुक्त म्हणायची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. मूठभर गव्हाच्या पिठासमोर हा आकडा किती लहान आहे ते तुम्हीच बघा. गिरणवाल्या दादांना विनंती केली, ते सकाळी पहिलं दळण माझं घेतात, आधी स्वतःच्या तांदळाचं किलोभर दळून बाजूला काढतात. तेही मला पुरेसं वाटेना. शेवटी घरगुती चक्की घेतली. महाग पडली. पण भाद्रपदातलं ते दुखणं गेलं.

तिसरा चोर म्हणजे आपलं प्रेम. गणपतीत शेजारून मोदक येतात. उकडीचे, म्हणजे तांदळाचे, म्हणजे चालतील असं आम्ही धरून चाललो. पण पारी ताणली जावी म्हणून काही जणी उकडीत चमचाभर मैदा घालतात. घालतात आणि सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती युक्ती आहे, घटक नाही. कोंबडी-वड्यांच्या पिठात बऱ्याचदा गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीत असतो, तळलेल्या माशाला रवा असतो आणि तोच रवा त्या तेलात उरतो. आता मी विचारताना "गहू घातला का?" असं विचारत नाही. "काकू, काय काय घातलंत?" असं विचारते. मग त्या सगळी कृती सांगतात आणि मैदा आपोआप बाहेर येतो.

आणि एक, जरा बाजूला जाऊन. हे वाचून कुणाला वाटलं की आपल्या मुलाचंही पोट असंच दुखतं, तर गहू लगेच बंद करू नका. आधी डॉक्टरांकडे जा. रक्ताची तपासणी गहू खात असतानाच करायची असते. बंद केल्यावर रक्तातली जी प्रतिपिंडं तपासतात ती उतरतात आणि तपासणी फसते. माझ्या एका नातेवाईक बाईंनी सहा महिने गहू सोडला आणि मग तपासायला गेल्या. पुन्हा गहू खायला लागला, आजारी पडायला लागलं. कशाला.

आता राहिला डबा. सकाळी सातला केलेली मऊ भाकरी अकराला कडक. हे पाणी उडाल्यामुळे तर होतंच, पण शिजलेला स्टार्च गार झाला की पुन्हा घट्ट बसतो, म्हणून जास्त होतं. शिळा भात कडक होतो तसंच. गरम असतानाच दोन्ही बाजूंना तूप लावून सुती फडक्यात गुंडाळली तर तासभर आणखी तगते. आम्ही मात्र डब्याच्या दिवशी भाकरी करणंच सोडलं आणि पानगीवर आलो. त्याच पिळलेल्या तवशाच्या पाण्यात तांदळाचं पीठ थापण्याइतपत सैल भिजवायचं, किस, थोडा गूळ किंवा मिरची, ओलं खोबरं. इथे उकड नको, कारण पानाच्या आत वाफ कोंडते आणि पीठ तिथेच शिजतं, फुटायला वाव राहत नाही. केळीच्या पानाला तूप लावून त्यावर बोटांनी पातळ थापायचं, वरून दुसरं पान, तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजू. पान करपून तपकिरी झालं की आतली पानगी झाली. पानासकट डब्यात. लेक शाळेत पान उलगडते तेव्हा वर्गातल्या मुली विचारतात, काय आणलंस गं, आणि परवा ती घरी येऊन म्हणाली, "आई, उद्या दोन जास्त दे."